विश्लेषण : ओल्या मक्याचा भुर्दंड कोंबडीपालकाला? पोल्ट्री खाद्यातील बुरशीचे विष रोखायचे कुठे?

खरिपाचा मका बाजार समित्यांत येऊ लागला, की व्यापारी आधी ओलावा पाहतो आणि मग भाव सांगतो. त्याच ओलाव्यावर पुढे दोन-तीन महिन्यांनी सांगली, पुणे, नाशिक किंवा नवापूरकडच्या शेडमधील कोंबड्यांचे वजन, अंडी आणि मरतुक अवलंबून असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीमुळे काढणीच्या तोंडावर आलेली पिके पाण्यात राहिली. दुसरीकडे, धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा चोथा कोंबडीखाद्यात वाढत्या प्रमाणात येत आहे. त्यामुळे खाद्यातील बुरशीजन्य विषांचा जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला आहे. त्यावर सहसा एकच उतारा सांगितला जातो, तो म्हणजे खाद्यात ‘टॉक्सिन बाइंडर’ मिसळणे. तो पुरेसा का पडत नाही आणि या विषाचा खर्च शेवटी कोणाच्या माथी बसतो, याचा हा आढावा.

हे विष नेमके कोणते?

धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशी विषारी रसायने तयार करतात. त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा शोधही पक्ष्यांच्या मृत्यूतूनच लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत दगावले. कारण सापडेना म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. त्या पेंडीवर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती आणि तिच्याच नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. त्याच्या प्रकारांपैकी ‘बी १’ सर्वांत घातक.

भारताने याचा भयंकर अनुभव १९७४ मध्ये घेतला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने सुमारे चारशे लोक आजारी पडले आणि शंभराहून अधिक दगावले. त्याच घरांतील कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने या घटनेचा अभ्यास केला होता.

कोंबडीखाद्याच्या दृष्टीने आणखी तीन विषे महत्त्वाची आहेत. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडावर घाव घालते. टी-२ हे फ्युजेरियम बुरशीचे विष चोच, जीभ आणि टाळूवर चट्टे पाडते. फ्युमोनिसिन मक्यात सर्रास आढळते. मात्र घोड्याला ते जितके जीवघेणे तितके कोंबडीला नाही. खाद्यात यांपैकी एकच विष असते असेही नाही. प्रत्येकाचे प्रमाण मर्यादेत असूनही दोन-तीन विषे एकत्र आल्यावर कोंबडीवरचा ताण वाढू शकतो.

मक्यात ते शिरते केव्हा?

सर्वसाधारण समज असा, की बुरशी गोदामात लागते. प्रत्यक्षात सुरुवात शेतातच झालेली असते. दाणे भरताना पाण्याचा ताण आणि उष्णता असेल तर अ‍ॅस्परजिलसला कणसात शिरणे सोपे जाते. अळीने पोखरलेला दाणा म्हणजे तिच्यासाठी उघडे दार. २०१८ मध्ये कर्नाटकातून देशभर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी कणसातही घुसते, त्यामुळे तिचे नुकसान केवळ पाने खाण्यापुरते राहत नाही.

खरा उद्रेक मात्र काढणीनंतर होतो. खरिपाचा मका काढताना दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असू शकतो. बुरशी थोपवायची तर तो १३-१४ टक्क्यांच्या खाली आणि तोही लवकर यायला हवा. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत येतो. कणसांचा ढीग ताडपत्रीखाली झाकला की पावसापासून वाचतो, पण आतून घामेजतो. २५ ते ३५ अंश तापमान आणि दमट हवा अफ्लाटॉक्सिनला सर्वाधिक मानवते, आणि अशा ढिगात काही दिवसांतच विष तयार होऊ शकते. यंत्राने मळणी करताना दाणे फुटले तर काम आणखी सोपे होते. बिहारमध्ये एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात निघणाऱ्या रब्बी मक्याला खाद्य कारखान्यांकडून मागणी असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मका वाळवण्याचे पैसे कोण देणार?

संपूर्ण प्रश्नाची गाठ येथे आहे. २२ टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर वजन सुमारे ९०.७ किलो भरते. म्हणजे क्विंटलमागे नऊ किलोंहून अधिक ‘माल’ हवेत जातो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आहे आणि सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १४ टक्के आहे. हा पूर्ण दर मिळाला असे गृहीत धरले, तरी त्या ९०.७ किलोंचे २,१७७ रुपये होतात. समजा, खळ्यावरून ओलाच मका उचलायला व्यापारी २,१०० रुपये देत असेल, तर वाळवून मिळणारा फायदा उरतो ७७ रुपये. त्यात मजुरी, ताडपत्री, आठवडाभर राखण आणि पुन्हा पाऊस आला तर सगळेच जाण्याची जोखीम. खुल्या बाजारातील भाव हमीभावाच्या खाली असतील तर हे ७७ रुपयेही राहत नाहीत.

अशा हिशेबात शेतकऱ्याने ओला मका विकला तर त्याला दोष देता येत नाही. व्यापारी तो मिसळतो, ओलाव्याची सरासरी काढतो आणि पुढे पाठवतो. वाळवण्याचे यंत्र बाजार समितीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे असेल आणि कोरड्या मालाला ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे ठरलेला जादा दर मिळत असेल, तरच हे गणित बदलते. कोंबडीखाद्यातील विषावर सर्वांत स्वस्त उपाय कोंबडीपासून इतका दूर, मक्याच्या खळ्यावर आहे.

आफ्रिकेत याच्याही आधी जाण्याचा प्रयत्न झाला आहे. विष तयार न करणाऱ्या अ‍ॅस्परजिलसच्या जाती शेतात सोडून विषारी जातींना हुसकावण्याचे ‘अफ्लासेफ’ हे तंत्र नायजेरियासह काही देशांत वापरले जाते.

कोंबडीला काय होते?

मोठ्या प्रमाणातील विषाने कोंबड्या पटापट मरतात आणि मग निदान तरी होते. अडचण कमी प्रमाणातील विषाची आहे. अफ्लाटॉक्सिन यकृतावर हल्ला करते. शवविच्छेदनात यकृत वाढलेले, पिवळट आणि बोटाने चुरडेल असे ठिसूळ दिसते. ब्रॉयलर खातात पण अंगाला लागत नाही. लेयरची अंडी घटतात. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, ते कमी पडल्याने पकडताना आणि वाहतुकीत मांसावर रक्ताचे डाग पडतात.

सर्वांत फसवा परिणाम प्रतिकारशक्तीवर होतो. तरुण पक्ष्यातील बर्सा आणि थायमस या रोगप्रतिकाराच्या ग्रंथी आकसतात. लस वेळेवर दिलेली असते, तरी राणीखेत किंवा गंबोरो डोके वर काढतो. पालक लसीला दोष देतो, लसवाला साठवणुकीला, आणि खाद्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग प्रतिजैविकांचा मारा सुरू होतो, ज्याचा या आजाराच्या मुळाशी संबंधच नसतो.

वयानेही फरक पडतो. पिल्ले नाजूक, मोठ्या कोंबड्या त्या मानाने चिवट. टर्की आणि बदक तर कोंबडीहून कितीतरी हळवे. अमेरिकेत म्हणूनच प्रजननाच्या प्रौढ कोंबड्यांच्या मक्यासाठी १०० पीपीबीपर्यंत मुभा आहे, तर लहान पिल्लांसाठी २०. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १३७४’ या कोंबडीखाद्याच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी १ ची कमाल मर्यादा २० पीपीबी आहे. म्हणजे एक टन खाद्यात जेमतेम २० मिलिग्रॅम विष.

अहवाल ‘ठीक’, तरी कोंबड्या आजारी कशा?

बुरशी दिसली म्हणजे विष आहेच असे नाही, आणि दिसली नाही म्हणजे विष नाही असेही नाही. बुरशी मरून गेल्यावरही तिने सोडलेले विष दाण्यात टिकते. पेलेट करताना खाद्य ८०-८५ अंशांपर्यंत तापते. त्यात बुरशी मरते, पण अफ्लाटॉक्सिनचे काही बिघडत नाही. ते २५० अंशांच्या आसपास तग धरते. भरडा स्वच्छ, सुवासिक आणि विषारी असू शकतो.

दुसरी अडचण नमुन्याची. विष धान्यात सारखे पसरलेले नसते. एका बाधित दाण्यात हजारो पीपीबी विष असू शकते आणि शेजारच्या शेकडो दाण्यांत काहीच नसते. ट्रकच्या मागच्या चार पोत्यांतून मूठभर मका काढून तपासला, तर अहवाल नशिबावर अवलंबून राहतो. पोकळ सळई खुपसून ट्रकच्या निरनिराळ्या थरांतून, पुढून-मधून-मागून नमुने घ्यायचे, ते एकत्र करून काही किलोंचा ढीग करायचा, सगळा दळायचा आणि मग त्यातून तपासणीचा भाग काढायचा, ही खरी पद्धत. चुकीच्या नमुन्यावर केलेली महागडी एचपीएलसी चाचणीही चुकीचेच उत्तर देते. मिलच्या दारात दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्टी चाचण्या आता मिळतात. योग्य नमुन्यावर केलेली पट्टी चाचणी रोजच्या कामाला पुरेशी असते. काही ठिकाणी अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळी चमक पाहतात, पण ती चमक विषाची नसून त्या बुरशीच्या दुसऱ्या एका रसायनाची असते. त्यामुळे ती फक्त संशय घेण्यापुरती उपयोगाची.

इथेनॉलचा संबंध काय?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि मक्याची मागणी एकदम वाढली. कोंबडीखाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा, आणि कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात सुमारे दोन-तृतीयांश वाटा खाद्याचा. साहजिकच पोल्ट्री व्यवसाय आणि इथेनॉल कारखाने एकाच पोत्यासाठी समोरासमोर आले. २०२४ मध्ये तर भारताला म्यानमार, युक्रेनमधून मका आयात करावा लागला.

त्या काळात पोल्ट्रीवाल्यांना पर्याय मिळाला तो डीडीजीएसचा. धान्यातील पिष्टमय भागाचे इथेनॉल झाल्यावर उरणारा चोथा वाळवला की डीडीजीएस तयार होते. प्रथिने चांगली आणि सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्त. पण धान्यातील सुमारे दोन-तृतीयांश भाग, म्हणजे पिष्ट, निघून जाते आणि विष मात्र मागे राहते. किण्वनाने किंवा ऊर्ध्वपातनाने ते नष्ट होत नाही. परिणामी मक्यात जेवढे विष होते, त्याच्या साधारण तिप्पट डीडीजीएसमध्ये साठते. तांदळाच्या डीडीजीएसलाही हाच नियम लागू.

साधा हिशेब करू. मक्यात २० पीपीबी अफ्लाटॉक्सिन आहे आणि खाद्यात ६० टक्के मका आहे, तर मक्यातून १२ पीपीबी आले. त्याच दर्जाच्या मक्यापासून केलेल्या डीडीजीएसमध्ये ६० पीपीबी. ते १० टक्के घातले तर आणखी सहा. एकूण १८, म्हणजे मर्यादेच्या काठावर. मक्यातील प्रमाण ३० पीपीबीवर गेले तर खाद्य २७ वर पोहोचते. शिवाय खराब, काळवंडलेला मका माणसांच्या किंवा थेट खाद्याच्या बाजारात खपत नाही, तेव्हा तो इथेनॉलकडे वळण्याची शक्यता अधिक. इंधनाला त्याने फरक पडत नाही, चोथ्याला पडतो. डीडीजीएस विकत घेताना प्रथिनांचे प्रमाण विचारले जाते. प्रत्येक लॉटचा अफ्लाटॉक्सिन अहवालही तितक्याच आग्रहाने मागायला हवा.

बाइंडरने काय होते आणि काय होत नाही?

बाइंडर म्हणजे बहुधा बेंटोनाइटसारखी चिकणमाती. तिच्या थरांच्या फटीत अफ्लाटॉक्सिनचा सपाट रेणू अडकतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. हे खरोखर काम करते. युरोपीय संघानेही अफ्लाटॉक्सिन बी १ साठी ठरावीक दर्जाच्या बेंटोनाइटला परवानगी दिली आहे. पण टी-२ किंवा ऑक्राटॉक्सिनचे रेणू त्या फटीत नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी यीस्टच्या पेशीभित्तिका किंवा विषाचे विघटन करणारी विकरे वापरली जातात. ती महाग असतात आणि प्रत्येक विषाला वेगळी लागतात. सगळ्या विषांवर चालणारी एकच पुडी असा दावा पोत्यावर छापलेला असेल, तर त्याच्यामागची कोंबड्यांवरील चाचणी विचारावी. काचेच्या नळीतील आकडे पुरेसे नाहीत. मातीचे प्रमाण वाटेल तसे वाढवले तर काही औषधेही तिला चिकटतात.

आणखी एक गोंधळ कायम होतो. प्रोपियॉनिक आम्ल आणि त्याचे क्षार हे बुरशीरोधक आहेत. ते बुरशीची पुढची वाढ थांबवतात, आधी तयार झालेल्या विषाला हात लावत नाहीत. बुरशीरोधक आणि बाइंडर ही एकमेकांच्या बदली वापरायची औषधे नव्हेत.

मिल आणि शेडमध्ये काय करता येईल?

सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे चाळणी. विषाचा मोठा हिस्सा फुटक्या, हलक्या, काळपट दाण्यांत आणि भुश्यात असतो. मका दळण्याआधी चाळून, वारा देऊन हा भाग बाजूला काढला तर विष लक्षणीय कमी होते. वेगळा काढलेला चुरा पुन्हा खाद्यातच टाकायचा मोह मात्र आवरावा लागतो. संशयास्पद माल पिल्लांच्या खाद्यात आणि अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या खाद्यात कधीच जाऊ नये.

पेलेट गरम असतानाच पोत्यात भरले तर आत पाणी सुटते आणि बुरशी मिलमधूनच सोबत येते. शेडवर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच खाद्य ठेवणे, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर रचणे, आधी आलेले आधी वापरणे, गळक्या निपलखालचे ओले खाद्य रोज काढणे आणि भांड्याच्या तळाशी घट्ट झालेला थर खरवडणे, ही कामे सांगायला क्षुल्लक वाटतात. पण टनभर चांगले खाद्य बिघडायला सायलोच्या भिंतीला चिकटलेला एक जुना गोळा पुरतो. विषबाधेचा संशय आला तर आधी खाद्य बदलायचे. यकृताची टॉनिके, जीवनसत्त्व ई, सेलेनियम, मेथिओनिन, कोलीन यांचा आधार होतो, पण ते नंतर.

अंडी-चिकन खाणाऱ्यांना धोका?

अफ्लाटॉक्सिन मानवात यकृताचा कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवले आहे. पण कोंबडीच्या खाद्यातून अंड्यात आणि मांसात उतरणारे प्रमाण फार कमी असते, कारण कोंबडी बराचसा भाग बाहेर टाकते. यकृतात ते तुलनेने जास्त सापडते. खरी चिंता दुधाची. गाय-म्हशीने खाल्लेल्या बी १ पैकी साधारण एक ते सहा टक्के भाग ‘एम १’ रूपात दुधात येतो. माणसाने थेट खाल्लेला मका किंवा शेंगदाणा अंड्यापेक्षा अधिक धोक्याचा, आणि म्हणूनच त्यासाठीची मर्यादा १५ पीपीबी, कोंबडीखाद्याहून कडक आहे. चिकन बंद करण्याचे कारण यात नाही.

नुकसान कोणाच्या खात्यावर?

महाराष्ट्रातील ब्रॉयलरचा मोठा भाग करार पद्धतीने वाढवला जातो. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, मजुरी शेतकऱ्याची. शेतकऱ्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळते आणि ते मरतुक व एफसीआर, म्हणजे एक किलो वजनासाठी लागलेले खाद्य, यावर वर-खाली होते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एफसीआर १.६ वरून १.७५ वर गेला, तर दोन किलो वजनाच्या हिशेबाने दीड टन खाद्य जादा लागते. त्याची वजावट शेतकऱ्याच्या शुल्कातून होते. खाद्य त्याने निवडलेले नसते, तपासलेलेही नसते. कंपनीचा पर्यवेक्षक व्यवस्थापनाकडे बोट दाखवतो, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या त्या पोत्यांतील एक दाणाही शिल्लक नसतो.

यावर मार्ग अगदी साधा आणि जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक लॉटच्या निरनिराळ्या पोत्यांतून काढलेला किलोभर नमुना, पोत्यावरील बॅच क्रमांकाची चिठ्ठी घालून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी सीलबंद करायचा आणि पक्ष्यांचा हिशेब पूर्ण होईपर्यंत कोरड्या जागी ठेवायचा. मरतुक किंवा एफसीआर ठरावीक पातळीबाहेर गेला तर तो नमुना तिसऱ्या प्रयोगशाळेत जाईल आणि अफ्लाटॉक्सिन २० पीपीबीवर निघाले तर वजावट लागू होणार नाही, एवढी दोन वाक्ये करारात असली तरी ओल्या मक्याची किंमत मिलच्या खरेदी खात्यापर्यंत पोहोचेल. तिथून ती वाळवलेल्या मक्याला चार पैसे जास्त देण्याच्या रूपाने शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत जाऊ शकते.